सुटींतील सेवा : यहूदी विद्यार्थ्यांचा परिपाठ

वार्षिक परीक्षा आटोपली, म्हणजे सुटीचे बेत सुरू होतात. कोणी आजोळीं जातो, कोणी जत्रेला. कोणी शेतावर वडिलांच्या हाताखालीं राबतो. ह्या बेतांत चार दिवस दुसऱ्यांच्या कामासाठीं राखावे, असें आमच्या कित्येक विद्यार्थ्यांच्या मनांत येतें. परंतु ती सेवा कशी असावी, हें सांगणारें कोणी भेटत नाहीं. सेवा करणाराला समाधान मिळालें, पण जिची सेवा केली त्या वस्तीच्या पदरांत कांहींच पडलें नाहीं, असेंही पुष्कळदां घडतें. ह्या बाबतींत यहूदी विद्यार्थ्यांचा परिपाठ विचार करण्यासारखा आहे; म्हणून तो आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

यहूदी लोक आपणांस परके नाहींत. अलिबागजवळ नवगांवच्या किनाऱ्यास आपल्या पूर्वजांचें गलबत फुटलें, अशी बेने इस्राएल समाजाची परंपरा आहे. कोंकणांत हे लोक तेलाचे घाणे चालवीत व शनिवारीं घाणा बंद ठेवीत; म्हणून त्यांस ‘शनवार तेली’ असें नांव पडलें. मराठी हीच त्यांची मातृभाषा झाली. इ. स. १८७५ सालीं हाईम सॅम्युएल केहीमकर ह्यांनीं मुंबईंत ह्या समाजाच्या मुलांसाठीं शाळा काढिली. तीच पुढें माझगांवची सर एली कदूरी शाळा झाली. इ. स. १९४८ नंतर समाजांतील बहुतेक कुटुंबें इस्राएल देशास गेलीं. परंतु शाळा बंद पडली नाहीं. तिच्या बाकांवर इतर धर्मांचीं मुलें बसूं लागलीं.

दानास यहूदी लोक इब्री भाषेंत ‘त्सदाका’ म्हणतात. हा शब्द न्याय ह्या अर्थाच्या धातूपासून झालेला आहे. म्हणजे गरिबास देणें हें ऋण फेडणें आहे, उपकार नव्हे. शेताच्या कडेचें पीक न कापतां तें गरिबांसाठीं व परदेशीयांसाठीं ठेवावें, अशी लेवीय पुस्तकांत आज्ञा आहे. रूथेनें बवाजाच्या शेतांत सरवा वेचला, तो ह्याच नियमानें. आणि तो तिनें स्वतःच्या कष्टानें वेचला. पुढें मैमोनिदेस (११३८–१२०४) ह्या यहूदी पंडितानें दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. त्यांतील सर्वांत वरची अशी, कीं गरजवंतास कर्ज, भागी किंवा काम देऊन असें उभें करावें, कीं त्यास पुन्हां हात पसरावा लागूं नये.

ह्या शिकवणुकीचें सुटींतील रूप अमेरिकेंत पाहावयास मिळतें. तेथील विद्यापीठांतून यहूदी विद्यार्थ्यांची ‘हिलेल’ नांवाची संस्था आहे. ती १९२३ सालीं इलिनॉय विद्यापीठांत सुरू झाली. ऑगस्ट २००५ मध्यें कॅटरीना वादळामुळें न्यू ऑर्लिन्स शहराचा बहुतेक भाग पाण्याखालीं गेला. त्यानंतर अनेक यहूदी विद्यार्थ्यांनीं आपली वसंतांतील सुटी तेथें घालविली. पूर ओसरला, तरी भिंतींत ओल राहते व बुरशी धरते. म्हणून भिजलेलीं अस्तरें, फळ्या व सामान काढून घर सांगाड्यापर्यंत मोकळें करावें लागतें. तेव्हांच सुतारास पुढें काम करतां येतें. ह्यास कौशल्य थोडें लागतें, हात मात्र पुष्कळ लागतात. आठ दिवसांच्या पाहुण्यानें करावें, असेंच तें काम होतें.

मुलांस शिकविणें मात्र ह्याहून निराळें. जेकब स्टोकमन ह्यांनीं २०१२ सालीं ‘गॅब्रिएल प्रोजेक्ट मुंबई’ ही संस्था स्थापिली. तिच्या द्वारें परदेशांतील यहूदी तरुण ठाण्याजवळ कळव्याच्या झोपडपट्टींत येऊन मुलांस शिकवूं लागले, व मुलांच्या जेवणाचीही सोय झाली. काम स्थानिक संस्थेच्या सोबतीनें चाले, हें त्यांत महत्त्वाचें. कारण शिक्षक महिन्यानें निघून गेला, तर मुलाचा धडा अर्धाच राहतो. अशा ठिकाणीं वस्तींत टिकून राहणारा शिक्षक मुख्य, आणि पाहुणा त्याचा मदतनीस, हीच रचना योग्य होय.

आतां आपल्या साताऱ्याकडे पाहूं. कर्मवीर भाऊराव पाटील ह्यांनीं १९१९ सालीं कराड तालुक्यांतील काले येथें रयत शिक्षण संस्था स्थापिली व १९२४ सालीं साताऱ्यांत वसतिगृह काढिलें. तेथें निरनिराळ्या जातींचीं मुलें एकत्र राहून स्वतःच्या श्रमानें शिकलीं. मैमोनिदेसाची वरची पायरी ती हीच. तसेंच २०१६ सालीं उन्हाळ्यांत कोरेगांव तालुक्यांतील वेळू गांवानें पाणी अडविण्यासाठीं श्रमदान केलें, व पानी फाउंडेशनच्या स्पर्धेंत पहिला क्रमांक मिळविला. डोंगरउतारावरचे चर पावसापूर्वींच खणून व्हावे लागतात; म्हणून उन्हाळ्याच्या सुटींतील एक एक हात तेथें मोलाचा. शिवाय पाहुणा परतल्यावर चराची निगा राखणारा गांव जागेवरच असतो.

तेव्हां, विद्यार्थिमित्रहो, सेवेस निघण्यापूर्वीं तीन प्रश्न विचारा. हें काम तेथील लोकांनीं मागितलें आहे काय? आपल्या मुक्कामांत तें पुरें न झाल्यास पुढें कोण करील? तेथील मजुराची रोजी तर आपण बुडवीत नाहीं ना? आणि पालकांसही आमची विनंती आहे, कीं ह्या प्रश्नांचीं नीट उत्तरें घेऊन मुलगा किंवा मुलगी निघाली, तर ‘सुटी वाया गेली’ असें म्हणूं नये. परत आल्यावर काय दिलें हें विचारण्याऐवजीं, मागें काय राहिलें, हें विचारावें.