वस्तऱ्याची मूठ आणि लाकडाची तहान

जुन्या पद्धतीचा दुमडता वस्तरा तुम्ही पाहिला आहे का? आज केशकर्तनालयात प्रत्येक गिऱ्हाइकासाठी नवे पाते बसवतात. पूर्वी मात्र धोकटीत अखंड पोलादी पात्याचे वस्तरे असत. घरातल्या जुन्या पेटीत असा एखादा अजूनही सापडतो. पाते शाबूत, पण मूठ तडकलेली! अनेक मुठी सेल्युलॉइडच्या असत. सेल्युलॉइड जुने होऊन विघटू लागले, की त्यातून आम्लकारी वायू सुटतात आणि पाते गंजते. अशा वस्तऱ्याला लाकडाची नवी मूठ बसवता येते.

मूठ म्हणजे दोन पातळ पट्ट्या. एका टोकाला पितळी खिळ्यावर पाते फिरते, दुसऱ्या टोकाला दोन्ही पट्ट्यांत पाचर असते. वस्तरा मिटला, की धार मधल्या फटीत बसते. पट्टी जराशी जरी वाकली, तरी धार लाकडावर घासून बोथट होते किंवा बाहेर डोकावून बोट कापते. लाकूड वाकते तरी का?

लाकडाला तहान असते. ते दमट हवेतून पाणी घेऊन फुगते आणि कोरड्या हवेत आकसते. अहिल्यानगरजवळचे नागापूर घ्या. तिथे वैशाखात हवा कोरडी ठणठणीत, तर श्रावणात दमट. शेताच्या बांधावरच्या बाभळीचे कठीण, चिवट लाकूड मुठीला चालेल. पण ओले लाकूड घेऊन भागणार नाही. ते आधी सावलीत नीट वाळवायला हवे.

दुसरी गोष्ट तंतूंच्या दिशेची. ओले लाकूड पूर्ण वाळताना तंतूंच्या दिशेने साधारण ०.२ टक्केच आकसते. आडवे मात्र ५ टक्के किंवा त्याहूनही अधिक. आता गणित करा. पट्टी १५० मिलिमीटर लांब आणि तंतू लांबीच्या दिशेने असतील, तर लांबी ०.३ मिलिमीटरने घटेल. तंतू आडवे असतील, तर तब्बल ७.५ मिलिमीटरने! शिवाय अशी पट्टी चटकन मोडेल. म्हणून तंतू नेहमी लांबीच्या दिशेने ठेवतात. दोन्ही पट्ट्या एकाच फळीतून कापल्या, तर त्यांचे फुगणे-आकसणेही सारखे राहते.

बाभळीत टॅनिन असते. ओलसर लोखंडाशी त्याचा संयोग झाला, की काळे डाग पडतात. यासाठी पट्ट्यांना काचकागदाने गुळगुळीत करून आतूनबाहेरून जवसाचे तेल चोळतात. तेलाने पाण्याची ये-जा मंदावते. पूर्ण थांबत नाही. तेव्हा वापरानंतर वस्तरा कोरडा पुसायलाच हवा.

करून पाहा : सुताराकडून एकाच रुंद फळीचे दोन तुकडे आणा, १५ सेंटिमीटर लांबीचे, एकात तंतू उभे, दुसऱ्यात आडवे. प्लायवूड नको, कारण त्यातले थर एकाआड एक उभे-आडवे चिकटवलेले असतात. लांबी मोजा, चार दिवस पाण्यात बुडवून ठेवा आणि पुन्हा मोजा. कोणता तुकडा जास्त वाढला? का, ते आता तुम्हीच सांगा. मात्र खऱ्या पात्याला हात लावू नका. ते काम मोठ्या माणसांचे.