जनित्राचे इंधन : जैवडिझेलचा विचार

रुग्णालयात वीजपुरवठा खंडित होणे ही केवळ गैरसोय नसते. कृत्रिम श्वसनयंत्र, शस्त्रक्रियागृहातील दिवे, नवजात अर्भकांच्या काचपेट्या यांचा भार बॅटरी काही मिनिटे सांभाळते. त्यानंतरची सर्व मदार जनित्रावर असते. २००५ नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्राने जे तीव्र भारनियमन सोसले, त्या काळात डिझेल जनित्रानेच अनेक रुग्णालयांना तारले. आज ती परिस्थिती राहिली नाही, तरी जनित्राची गरज संपलेली नाही. म्हणूनच त्यात कोणते इंधन जाळावे, याविषयीचा विचार आम्ही आमच्या हितचिंतकांपुढे मांडत आहोत.

वनस्पती तेलावर इंजिन चालविण्याची कल्पना नवी नाही. १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनात रुडॉल्फ डिझेल यांच्या पद्धतीचे एक इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालविण्यात आले होते. मात्र कच्चे तेल डिझेलच्या मानाने फारच दाट असते व कालांतराने इंजिनात काजळी धरते. यासाठी तेलाची मिथेनॉलशी, अल्कलीच्या साहाय्याने, रासायनिक प्रक्रिया करतात. साधारणपणे १०० किलो तेल व १० किलो मिथेनॉल यांपासून सुमारे १०० किलो जैवडिझेल व १० किलो ग्लिसरीन मिळते.

या विषयाशी नाशिक जिल्ह्याचा जुना संबंध आहे. निफाड तालुक्यातील कुंदेवाडीचे विनायकदादा पाटील (निधन २०२०) यांनी १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात मोगली एरंडाच्या लागवडीचा हिरिरीने पुरस्कार केला. पुढे २००३ साली नियोजन आयोगाच्या अहवालाने डिझेलमध्ये २० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट मांडले व त्यासाठी सुमारे १ कोटी १२ लाख हेक्टर लागवडीचा अंदाज दिला. ते उद्दिष्ट साध्य झाले नाही. हे झाड पडीक जमिनीवर तग धरते हे खरे; परंतु तग धरणे वेगळे आणि भरघोस बी देणे वेगळे. पाणी व खत न देता पुरेसे उत्पन्न येत नाही, हा त्यातील धडा होय. शिवाय या झाडाच्या बिया विषारी आहेत. शेंगदाण्यासारख्या समजून मुले त्या खातात आणि उलट्या-जुलाबांनी हैराण होऊन रुग्णालयात येतात. कुंपणाला मोगली एरंड असेल तेथे पालकांनी मुलांना अवश्य सावध करावे.

२०१८ च्या राष्ट्रीय धोरणाने २०३० पर्यंत ५ टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट ठेवले असून वापरलेल्या खाद्यतेलावर भर दिला आहे. वारंवार तापविलेल्या तेलात अपायकारक द्रव्ये वाढतात. अशा ध्रुवीय घटकांचे प्रमाण २५ टक्क्यांहून अधिक झाल्यास ते तेल अन्नासाठी वापरण्यास जुलै २०१८ पासून मनाई आहे. चिवडा, फरसाण व मिसळीसाठी प्रसिद्ध असलेल्या आपल्या शहरात असे तेल पुन्हा कोणाच्या कढईत न जाता इंधनाच्या टाकीत गेले, तर आरोग्य व ऊर्जा ही दोन्ही कार्ये साधतील.

जैवडिझेलच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड व काजळीचे कण कमी असतात. नायट्रोजनची ऑक्साइडे मात्र किंचित वाढू शकतात. समान लिटरमागे ऊर्जा सुमारे ८ टक्क्यांनी कमी मिळते. ते पाणी शोषते व दीर्घकाळ साठविल्यास खराब होते. टाकीतील जुना गाळ सुटून गाळणी तुंबण्याचा तसेच रबरी नळ्या फुगण्याचा संभव असतो. पामतेलापासून केलेले जैवडिझेल थंडीत गोठू लागते. निफाडचा हिवाळा ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना याचे महत्त्व सांगावयास नको.

रुग्णालयाचे जनित्र बहुतांश काळ उभे असते आणि नेमके आणीबाणीच्या क्षणी चालू व्हावे लागते. त्यामुळे वरील दोष आमच्या दृष्टीने गंभीर ठरतात. अतिदक्षता विभाग व शस्त्रक्रियागृहाला वीज पुरविणाऱ्या जनित्रावर असा प्रयोग करू नये, असे आमचे मत आहे. प्रयोग करावयाचाच झाल्यास तो इतर कामांच्या जनित्रावर, उत्पादकाची संमती घेऊन, प्रमाणित इंधनाच्या अल्प मिश्रणाने व्हावा.

पर्यावरणाचे रक्षण हे आरोग्यरक्षणाचेच अंग आहे, अशी आमची श्रद्धा आहे. परंतु रुग्णाचा श्वास ज्या विजेवर अवलंबून आहे, तिची निश्चिती सर्वप्रथम. तोवर प्रत्येक घराने व उपाहारगृहाने कढईतील काळवंडलेले तेल पुन्हा वापरू नये, मोरीतही ओतू नये. ते अधिकृत संकलकाकडे द्यावे, अशी आमची नम्र विनंती आहे.