रिंगा बसतात तेव्हा

भंडाऱ्याहून तुमसरच्या रस्त्याला लागलं की वरठीला सनफ्लॅगचा पोलाद कारखाना दिसतो. मोटारींच्या सुट्या भागांसाठी लागणारं मिश्रधातूचं खास पोलाद तिथं तयार होतं. आणखी पुढे तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मँगनीजच्या खाणी आहेत. दुसऱ्या दिशेला, रायपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर लाखनीजवळ गडेगावला अशोक लेलँडचा १९८२ साली सुरू झालेला कारखाना आहे, आणि गिअरबॉक्स ही त्याची ओळख. धानाचा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्यात गाडीच्या पोटातल्या धातूचं एवढं काम चालतं. तरी नवी गाडी घेणाऱ्याला इथंही तोच मोघम सल्ला मिळतो: पहिले हजार किलोमीटर सावकाश चालवा. सावकाश म्हणजे किती आणि कशासाठी, हे सहसा कुणी सांगत नाही. जास्त ताकदीच्या गाडीसाठी तर हा सल्ला अपुराच आहे. नुसतं जपून चालवलेलं इंजिनही पुढे ऑइल प्यायला लागू शकतं.

असं का होतं, याचं उत्तर सिलिंडरच्या भिंतीवर आहे. नव्या इंजिनाच्या ब्लॉकमध्ये बोट घातलं तर ही भिंत गुळगुळीत लागते. भिंगाखाली मात्र तिच्यावर एकमेकींना छेदणाऱ्या तिरक्या ओरखड्यांची जाळी दिसते. ती मुद्दाम काढलेली असते. बोअर झाल्यावर होनिंगचं यंत्र घासणीचे दगड गोल फिरवत वर-खाली नेतं, त्यातून ही नक्षी उमटते. मग बारीक दगडांनी उंचवट्यांची टोकं छाटतात आणि खाचा तशाच ठेवतात. खाचांत ऑइल टिकून राहतं, सपाट झालेल्या माथ्यांवरून पिस्टनभोवतीची रिंग सरकते. कारखाना हे काम जवळजवळ पूर्ण करतो, पण पूर्णपणे नाही. शेवटचा हात ही विशिष्ट रिंग याच विशिष्ट भिंतीवर घासूनच फिरवावा लागतो, आणि ते काम कारखान्याबाहेर, रस्त्यावर होतं. जात्याला नवी टाकी लावल्यावर पहिलं दळण खाण्यासाठी घेत नाहीत, कारण त्यात दगडाची कच उतरते. इंजिनाचं पहिलं ऑइलही तसंच असतं. त्यात लोखंडाचे, अॅल्युमिनियमचे सूक्ष्म कण उतरतात. ड्रेन प्लगला चुंबक असेल तर पहिल्या सर्व्हिसला त्याच्यावर काळपट मऊ लगदा जमलेला दिसतो. बोटांत चोळला तर तो मलमासारखा लागतो. तो पाहून घाबरायचं कारण नाही. हाताला टोचणारे तुकडे निघाले, तर मात्र मेकॅनिकला लगेच दाखवावं.

रिंग भिंतीला कशामुळे चिकटून राहते? तिच्या स्वतःच्या ताणामुळे, असं बहुतेकांना वाटतं. तो ताण थोडासाच असतो. खरा जोर जळणाऱ्या वायूचा. पेट्रोल-हवेचं मिश्रण पेटलं की तापलेला वायू रिंगच्या खोबणीत शिरतो, रिंगच्या पाठीमागे जातो आणि तिला आतून बाहेर, भिंतीवर दाबतो. टर्बो पेट्रोल इंजिनात हा दाब क्षणभर वातावरणाच्या दाबाच्या शंभर पटींपर्यंत आणि त्याहूनही वर जातो. म्हणजे अॅक्सिलरेटर जितका दाबाल, तितकी रिंग भिंतीवर घट्ट बसते. महिनाभर गाडी नुसती हळू, कमी भारावर चालवली, तर रिंगेला हा रेटा मिळतच नाही. भिंतीचे माथे अर्धवट घासले जातात आणि तापलेल्या ऑइलचा वार्निशसारखा कडक, चकचकीत थर खाचांत भरत जातो. याला ग्लेझिंग म्हणतात. एकदा खाचा बुजल्या की घासणं थांबतं, रिंग अर्धवटच बसते, खालून ऑइल वर चढतं आणि वरून वायू खाली गळतो. मग ब्लॉक उघडून पुन्हा होनिंग करण्यावाचून सहसा इलाज उरत नाही.

यावरून काही जण उलटं टोक गाठतात आणि पहिल्याच दिवशी इंजिन लाल रेषेपर्यंत पिळा म्हणतात. दाबाबद्दल त्यांचं म्हणणं बरोबर आहे, उष्णतेचा हिशेब मात्र ते करत नाहीत. ९० मिलिमीटर स्ट्रोकचं इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेत असेल, तर पिस्टन सेकंदाला सरासरी १८ मीटर धावतो आणि त्याच सेकंदात २०० वेळा थांबून उलटा फिरतो. धावताना रिंग आणि भिंत यांच्यात ऑइलचा पडदा असतो. थांबण्याच्या क्षणी तो पातळ होऊन फाटतो आणि धातू धातूला लागतो. वेग, भार आणि ऑइलचा दाटपणा यांचं घर्षणाशी असलेलं हे नातं जर्मन अभियंते रिचर्ड स्ट्रिबेक यांनी १९०२ च्या सुमारास बेअरिंगांवर प्रयोग करून मांडलं. त्यांचा आलेख आजही यंत्र अभियांत्रिकीच्या पुस्तकांत असतो. नव्या इंजिनात उंचवटे अजून टोकदार असतात, त्यामुळे पडदा फाटतो तिथं क्षणिक तापमान फार चढतं. त्यात लागोपाठ पूर्ण भार दिला तर धातू झिजून सपाट होण्याऐवजी ओरबाडला जातो. ऑइलमधली जस्त-फॉस्फरसची संयुगं अशा जागी काचेसारखा सूक्ष्म संरक्षक थर धरतात. तो धरायला उष्णता आणि घासणं दोन्ही लागतं, आणि थोडा वेळही.

म्हणून नव्या इंजिनाला भार द्यायचा, पण थोडा वेळ. मग सोडायचा, आणि पुन्हा द्यायचा.

मर्सिडीजच्या अनेक एएमजी गाड्यांच्या पुस्तिकेत पहिल्या १५०० किलोमीटरसाठी ताशी १४० किलोमीटरची मर्यादा असते. इंजिनाचे फेरे ४५०० पर्यंत न्यायचे तेही थोडाच वेळ, आणि वेग सतत बदलता ठेवायचा, असंही त्यात म्हटलेलं असतं. या गाड्या काही परदेशी कुतूहलापुरत्या राहिलेल्या नाहीत. एएमजी जीएलसी ४३ कूपे २०२० पासून पुण्याजवळ चाकणला जोडली जाऊ लागली. बीएमडब्ल्यूच्या एम गाड्यांना सुमारे २००० किलोमीटरला वेगळी रनिंग-इन (म्हणजे नवं इंजिन बसण्याच्या काळाची) सर्व्हिस असते. पूर्वी फियाट, अॅम्बॅसेडरच्या मागच्या काचेवर ‘रनिंग इन’ची पाटी लावत. आता होनिंग कितीतरी अचूक झालं आहे. मर्सिडीजच्या काही इंजिनांत तर अॅल्युमिनियमच्या सिलिंडरवर वितळलेल्या लोखंडाचा पातळ थर फवारतात. तो आरशासारखा चकाकतो आणि ऑइल खाचांऐवजी त्याच्या सूक्ष्म छिद्रांत राहतं. त्यामुळे मुदत कमी झाली, पण काम संपलेलं नाही.

नागपूरच्या शोरूममधून गाडी घेऊन थेट समृद्धी महामार्गावर जाण्याचा मोह मी समजू शकतो. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर, ताशी १२० ची मर्यादा, क्रूझ कंट्रोल लावलं की पाय मोकळा. नव्या इंजिनासाठी इतका वाईट प्रवास शोधून सापडणार नाही. तासन्‌तास एकच फेरे, एकच हलका भार, रिंगेवर एकसारखा बेताचा दाब. त्यापेक्षा भंडारा, वरठी, मोहाडी, तुमसर हा रस्ता शंभर पटीने बरा. गावं येतात, वेग कमी करावा लागतो, ट्रॅक्टर-ट्रॉलीला ओलांडायला तिसऱ्या गिअरमध्ये जोर द्यावा लागतो, मग पाय सोडला की इंजिन गाडीला मागे ओढतं. पाय सोडल्यावर सिलिंडरमध्ये पोकळी होऊन खालून थोडं ऑइल वर येतं, भिंत धुतली जाते आणि घासलेले कण निघून जातात. महामार्गावरूनच जायचं असेल तर क्रूझ बंद ठेवा आणि दर काही मिनिटांनी वेग वीस-तीसने कमी-जास्त करा.

आणखी एक गोष्ट विदर्भात हमखास फसवते. मे महिन्यात उभी गाडीही तव्यासारखी तापते, म्हणून इंजिनही तापलेलंच आहे असं वाटतं. कूलंटचा काटा लवकर मधोमध येतो. ऑइल त्याच्या बरंच मागे असतं, आणि ते साधारण ८० अंशांपुढे गेल्याशिवाय जोर देऊ नये. ताकदवान गाड्यांत ऑइलच्या तापमानाचा काटा वेगळा दाखवतात तो यासाठीच.

मँगनीजचा नवं इंजिन बसण्याशी थेट संबंध आहे, आणि तुमसरच्या वाचकांना तो माहीत असायला हवा. कॅमशाफ्ट, गिअर, काही रिंगा यांच्यावर कारखान्यात मँगनीज फॉस्फेटचा काळपट थर चढवतात. तो स्फटिकांचा आणि सच्छिद्र असतो, ऑइल धरून ठेवतो, आणि पहिल्या काही तासांत स्वतः झिजून खालचं पोलाद वाचवतो. तो खास रनिंग-इनसाठीच असतो. गिअरच्या दातांनाही बसायचं असतंच. मागच्या एक्सलला लॉकिंग डिफरन्शियल असलेल्या काही एएमजी गाड्यांत ३००० किलोमीटरला डिफरन्शियलचं ऑइल बदलायला सांगतात ते यामुळेच. पुस्तिकेत लिहिलेलं असूनही हे काम बऱ्याचदा राहून जातं.

भंडाऱ्यात स्पोर्ट्स कार थोड्या, ट्रॅक्टर पुष्कळ, आणि भौतिकशास्त्र दोघांना एकच. मला खरी काळजी ट्रॅक्टरची वाटते. पावसाच्या तोंडावर घेतलेला नवा ट्रॅक्टर थेट बांधीत उतरतो. चिखलणी म्हणजे तासन्‌तास एकाच फेऱ्यांवर पूर्ण भार, म्हणजे नव्या इंजिनाला जे नको तेच. पहिली सर्व्हिस सहसा ५० तासांना असते आणि दिवसाला आठ-दहा तास चाललं की ती आठवड्यातच येते, नेमकी रोवणीच्या गर्दीत, आणि मग पुढे ढकलली जाते. घासलेल्या धातूचे कण असलेलं ऑइल त्या इंजिनात पूर्ण हंगाम फिरत राहतं. शक्य असेल तर ट्रॅक्टर महिनाभर आधी घ्यावा. पहिले तास ट्रॉलीच्या वाहतुकीला आणि हलक्या मशागतीला लावावेत, आणि चिखलात उतरण्याआधीच ऑइल आणि फिल्टर बदलून घ्यावेत. गावातल्या मेकॅनिकला त्यासाठी तासाभराहून जास्त वेळ लागत नाही.