तीन सभा आणि तीन पाळ्या

आकाशवाणीचा दिवस तीन सभांत विभागलेला असतो. पिंपरी-चिंचवडचा दिवसही तीनच भागांत मोडतो, फक्त तिथे त्यांना पाळ्या म्हणतात. ही दोन वेळापत्रके एकमेकांवर ठेवून पाहिली, की या पट्ट्यात शास्त्रीय संगीत कोणाच्या कानी पडत असेल, याचा बराच उलगडा होतो.

पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. पिंपरीची हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ची. म्हणजे इथला कारखाना आणि इथला रेडिओ जवळपास जुळी भावंडे. १ एप्रिल १९५५पासून गदिमा-बाबूजींचे गीतरामायण दर शुक्रवारी सकाळी पुण्याहून वाजू लागले, त्याच वर्षी पिंपरीत पेनिसिलिन तयार होऊ लागले. सकाळच्या पाळीला गेलेल्याला मात्र ते गीत घरी बसून ऐकणे शक्य नव्हते.

नभोवाणीमंत्री बाळकृष्ण केसकर (हे पुण्याचेच) यांनी १९५२मध्ये संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. शनिवारी रात्री साडेनऊला, दीड तासाची मैफल. व्याख्यानांनाही मान होता. सरदार पटेल स्मृती व्याख्यानमाला १९५५ची. दरबार आणि संस्थाने गेल्यावर राग घराघरांत पोचवायचा, हा केसकरांचा आग्रह होता. सिनेगीतांबाबतचा त्यांचा हट्ट मला पटत नाही. श्रोते सिलोनकडे वळले आणि १९५७मध्ये विविध भारती काढावी लागली. पण दीड तास एकाच कलावंताला देण्याची हिंमत आज कोण दाखवील?

अडचण वेळेची होती. शनिवारची रात्र निवडण्यामागे रविवारची सुट्टी गृहीत धरलेली दिसते. भोसरी-पिंपरीच्या बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी मात्र गुरुवारी. विजेचा भार एकाच दिवशी पडू नये म्हणून सुट्ट्या वाटून दिल्या, त्यात या भागाच्या वाट्याला गुरुवार आला. शिवाय दुसरी पाळी सुटते मध्यरात्रीच्या सुमारास. तोवर मैफल संपलेली असे.

पण याचीच दुसरी बाजू मला अधिक महत्त्वाची वाटते. रागाला प्रहर असतो आणि रेडिओने तो साधारणपणे पाळला. कचेरीत जाणाऱ्याला वर्षभर सकाळी तोडी-आसावरी आणि रात्री यमन, बागेश्री, दरबारी. दुपारचे सारंग, मुलतानी त्याला जवळजवळ परकेच. पाळी बदलणाऱ्या कामगाराचे तसे नाही. रात्रपाळी करून आलेला माणूस सकाळची सभा ऐकून झोपतो, दुपारी उठतो तेव्हा सारंगाची वेळ असते. पाळी फिरली की संध्याकाळ मोकळी, मग मारवा, पूरिया. महिनाभरात आठही प्रहरांपैकी बहुतेक त्याच्या मोकळ्या वेळेत येऊन जातात. मैफलीच्या तिकिटावर हे मिळत नाही. रात्रीची मैफल रात्रीचेच राग देते.

अर्थात मध्यम लहरींवर मोटारींची आणि वेल्डिंगची खरखर मिसळते. तानपुरा त्या खरखरीत पहिला बुडतो, गळा शेवटी.