हृदय सुरू झाले, मेंदूचे काय?

गोदूताई परुळेकर नगर असो की रे नगर, कुंभारीतला पेशंट आयसीयूत गेला की घरचे विचारतात, "मशीनवर आहे, म्हणजे जिवंत आहे ना?" बंद पडलेले हृदय पुन्हा सुरू झालेल्या पेशंटबाबत याचे उत्तर लगेच मिळत नाही. ते का, हे समजून घेऊ.

हृदय थांबले की मेंदूचे रक्त थांबते आणि चार-पाच मिनिटांत पेशींना इजा होऊ लागते. हृदय परत चालू झाले तरी पुढच्या दोन-तीन दिवसांत मेंदूला सूज येऊ शकते. कवटी हाडाची, ती पसरत नाही. सूज फार वाढली तर मेंदूत रक्त जाणेच बंद होते आणि मेंदूमृत्यू होतो.

धोक्याच्या खुणा अशा: सीटी स्कॅनमध्ये मोठी सूज, उजेड टाकूनही बाहुली लहान न होणे, नळीतून कफ ओढताना खोकला न येणे, स्वतःचा श्वास नसणे, अचानक भरपूर पातळ लघवी होणे, बीपी कोसळणे. पण हा अंदाज झाला, निदान नव्हे. झोपेच्या औषधांनी किंवा अंग थंड पडल्यानेही पेशंट असा निपचित दिसतो. म्हणून मेंदूमृत्यूची तपासणी हृदय सुरू झाल्यावर निदान 24 तास थांबून करावी, आणि पेशंट शुद्धीवर येईल का याचा अंदाज 72 तासांआधी सांगू नये, असे तज्ज्ञ सांगतात.

कोमा आणि मेंदूमृत्यू एक नव्हेत. कोमातला पेशंट परत येऊ शकतो. मेंदूमृत्यू म्हणजे मृत्यूच. छाती हलते ती मशीनमुळे. कधी हात-पाय हलतात, ते मणक्यातल्या नसांमुळे.

1994 च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार चार डॉक्टरांचे मंडळ दोनदा तपासणी करते. दोन्हींत किमान सहा तासांचे अंतर हवे. प्रत्यारोपण करणारा डॉक्टर या मंडळात चालत नाही. ऑक्सिजन चालू ठेवून मशीनचा श्वास थांबवतात आणि पेशंट स्वतः श्वास घेतो का ते पाहतात.

त्यानंतर अवयवदानाबद्दल विचारले जाईल. हो म्हणा किंवा नाही, निर्णय घरच्यांचा. लेखी संमतीशिवाय अवयव काढता येत नाहीत. दान केल्यास ते अवयव जपण्याचा व काढण्याचा खर्च घरच्यांवर पडत नाही.

दागिने गहाण टाकण्याआधी डॉक्टरांना शांतपणे विचारा:

• हृदय किती मिनिटे बंद होते?
• झोपेचे औषध कधी बंद केले?
• हा कोमा आहे की मेंदूमृत्यूचा संशय?
• दोन्ही तपासण्या झाल्या का, कोणी केल्या?

कळले नाही तर पुन्हा विचारा. समजेल अशा भाषेत उत्तर मिळणे हा तुमचा हक्क आहे.