भोकाभोवतीचं तांबं

स्क्रीनवर प्रत्येक भोक पॅडच्या बरोबर मध्यावर असतं. पीसीबीचा, म्हणजे छापील सर्किट बोर्डाचा, लेआउट करणाऱ्याने म्हणूनच एकदा तरी कारखान्यात जाऊन मायक्रोसेक्शन बघावं. मी ते भोसरीत बघितलं. बोर्डाच्या कडेचं टेस्ट कूपन कापतात, रेझिनमध्ये बसवतात, घासून पॉलिश करतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरतात. भोक उभं चिरलेलं दिसतं. दोन्ही बाजूंना तांब्याची भिंत, आणि आतल्या थरांत पॅड एकीकडे ऐसपैस, दुसरीकडे जेमतेम कडेपुरतं. यात कुणाची चूक नव्हती. प्रेसमध्ये तापून निवताना लॅमिनेट थोडं आखडतं, ड्रिल थोडं सरकतं. बोर्ड पास झाला.

हे सरकणं आधीच हिशेबात धरायचं, हा डिझायनरच्या सर्टिफिकेशनचा खरा गाभा. १९५७ मध्ये अमेरिकेत बोर्ड बनवणाऱ्यांनी आयपीसी ही संघटना काढली. २०२५ पासून ती ग्लोबल इलेक्ट्रॉनिक्स असोसिएशन या नावाने ओळखली जाते. तिच्यात डिझायनर लोकांचं वेगळं कौन्सिल उभं राहिलं, त्याच्या संस्थापकांत गॅरी फेरारी होते. सीआयडी आणि त्यापुढची सीआयडी प्लस ही सर्टिफिकेटं तिथली. (आयपीसीची सीआयडी परीक्षा देतोय म्हटलं की घरच्यांना पोलीसभरतीच वाटते.) पुढे त्या कौन्सिलमधल्या मंडळींनी पीसीईए ही स्वतंत्र संघटना काढली, तिचं सर्टिफिकेट सीपीसीडी.

आता साधा पॅड घ्या. तयार भोक जास्तीत जास्त ०.९ मिलिमीटर. भोकाभोवती तांब्याची कडी किमान ०.०५ उरली पाहिजे, ती दोन्ही बाजूंनी मोजायची. शिवाय कारखान्याच्या सरकासरकीसाठी ०.२५. बेरीज १.२५. आयपीसी-२२२१ या स्टँडर्डमधलं हे गणित शाळकरी पोराला जमेल. पण आमच्याकडे ते कॉलेजात क्वचितच कुणी शिकवतं. पोरगं नोकरीला लागतं आणि शेजारच्या सीनियरकडून ‘दहा मिल ठेव, चालतंय’ एवढं उचलतं. चालतंही. आयपीसीच्या दर्जाच्या वर्गवारीत बोर्ड क्लास दोनमधून त्याहून कडक क्लास तीनमध्ये गेला की मात्र नडतं. क्लास दोनमध्ये भोक पॅडच्या कडेबाहेर काही अंशी निसटलेलं खपतं, क्लास तीनमध्ये नाही. भोकातल्या तांब्याची सरासरी जाडीही २० मायक्रॉनवरून २५ वर जाते.

स्टँडर्ड म्हणजे देववाणी नव्हे, हेही या अभ्यासात कळतं, आणि मला तो भाग जास्त आवडतो. किती करंटला किती रुंद ट्रॅक, याचा जो आलेख सगळे वापरत, तो अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सच्या १९५० च्या दशकातल्या मोजमापांवर उभा होता. आतल्या थरांसाठी तर वेगळं मोजमापही नव्हतं, बाहेरच्या ट्रॅकचा करंट सरळ निम्मा धरलेला. आतला ट्रॅक कोंडलेला, म्हणजे जास्त तापणार, असा समज. प्रत्यक्षात एफआर-४ हवेपेक्षा उष्णता बरी वाहून नेतं. २००९ मध्ये आयपीसी-२१५२ आलं तेव्हा ही दुरुस्ती झाली. तोवर कित्येक बोर्डांत ट्रॅक उगाच रुंद काढले गेले असणार.

परीक्षा पास झालेला माणूस दाट पायांच्या बीजीए चिपखालून सुबक रूटिंग करेलच, असं नाही. ते हाताचं काम, वर्षं घालवून येतं. नोकरीच्या मुलाखतीतही आधी सॉफ्टवेअरचंच, अल्टियम येतं का, अलेग्रो येतं का, हे विचारतात. फी डॉलरच्या हिशेबात. कंपनीने भरली तर ठीक, खिशातून भरायला जिवावर येतं. मी तरी सर्टिफिकेटपेक्षा अभ्यासक्रमालाच जास्त किंमत देईन. चिमुकल्या रेझिस्टरचा एक पॅड मोठ्या कॉपर प्लेनला थेट जोडला तर तिथलं सोल्डर उशिरा वितळतं आणि दुसऱ्या बाजूचं सोल्डर रेझिस्टरला खेचून उभा करतं, हे आधी माहीत असेल तर असेंब्लीवाल्याच्या शिव्या वाचतात.

परवा एका फॅब्रिकेटरच्या कॅम इंजिनिअरने ड्रॉइंग दाखवलं. मोबाइल चार्जरचा बोर्ड, आणि टिपेत लिहिलेलं : क्लास तीन. मायक्रोसेक्शन, जादा प्लेटिंग, सगळं धरून त्याने कोटेशन दिलं होतं. ग्राहकाचा लगेच फोन आला. क्लास तीन कशाला हवाय, असं याने विचारलं, तर पलीकडचा म्हणाला, ‘‘अहो, ते जुन्या ड्रॉइंगवरून कॉपी झालंय. काढून टाका.’’