शनिवार पेठेतला पत्ता

कर्करोग नोंदणीच्या बाई रुग्णालयाच्या दप्तरखान्यात केसपेपरांचा गठ्ठा सोडतात, तेव्हा निदानाच्याही आधी रुग्णाचा पत्ता वाचतात, आणि तेथून सुरू झालेली खातरजमा कित्येकदा एखाद्या वाड्याच्या दिंडीदरवाजापर्यंत जाऊन पोहोचते. शनिवार पेठेत, ओंकारेश्वराच्या बाजूस, त्यांच्यासमवेत मी गेलो तो असाच एक पत्ता पडताळण्यासाठी. रोग मज्जारज्जूतील एपेन्डिमोमा, म्हणजे प्रौढांत विरळा आढळणारी गाठ; इसम परांडा तालुक्यातील शेतकरी, शस्त्रक्रियेपुरता मेव्हण्याच्या बिऱ्हाडी उतरलेला. निदानापूर्वी किमान १ वर्ष ज्याचा शहरात रहिवास नाही, तो पुण्याच्या गणनेत धरीत नाहीत.

“ताई, कशानं झालं असंल हे? फवारणीनं का?” पत्नीने विचारले.

“खरंच सांगता येत नाही, वहिनी. त्यासाठीच तर ही नोंद लागते.”

हे उत्तर मला प्रामाणिक वाटले. मेंदू आणि मज्जारज्जूच्या अशा गाठींची निर्विवाद ठरलेली कारणे थोडीच: आयनीकारक किरणोत्सर्ग आणि न्यूरोफायब्रोमॅटोसिससारखे काही आनुवंशिक विकार. त्यांतही किरणोत्सर्गाचा पुरावा भक्कम झाला तो कागद टिकले म्हणून. १९५० च्या सुमारास इस्रायलमध्ये डोक्यातील गजकर्णावर ज्या हजारो मुलांना क्ष-किरणांचे उपचार झाले, त्यांच्या याद्या शाबूत होत्या; त्यामुळेच कित्येक वर्षांनी त्यांच्यात मेंदूच्या आवरणाच्या गाठींचे वाढलेले प्रमाण मोजता आले. जेथे केवळ स्मरणावर भिस्त असते तेथे मात्र संशोधन डळमळते. मोबाइल फोन आणि मेंदूच्या गाठी यांविषयी १३ राष्ट्रांत झालेल्या ‘इंटरफोन’ पाहणीचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले, तरी निश्चित निर्णय हाती आला नाही. कारण रोगी आणि निरोगी माणूस आपला गतकाळ सारख्याच रीतीने आठवत नाहीत, आणि मेंदूच्या रुग्णाची तर स्मृतीच कधी रोगाने ग्रासलेली असते, मग त्याची जबानी घरच्यांनी द्यावी लागते.

दुर्मीळ रोगात एका शहराची संख्या इतकी लहान असते की भलत्या गावी धरलेला एक रुग्णही प्रमाण बिघडवतो, आणि अनेक नोंदण्यांचे आकडे एकत्र केल्याखेरीज कारणांचा शोध पुढे सरकत नाही. भारतातील पहिली कर्करोग नोंदणी १९६३ साली मुंबईत उभी राहिली. ग्रामीण भागातील पहिली, १९८७ साली, बार्शीत, आणि परांड्याची खेडी तिच्याच कक्षेत येतात. म्हणून बाईंनी पुण्याच्या यादीतून हे नाव वगळले, पत्नीकडून गावाचे आणि वस्तीचे नाव पुन्हा विचारून अक्षर न् अक्षर उतरून घेतले, आणि तो कागद बार्शीला धाडावयाच्या लखोट्यात ठेवला.